आधी रजा काढ

इस्लापूर, ता. किनवट

चि. बाळ,

तुझं पत्र पोचलं. बांधकाम खात्यातली नोकरी सोडून जुन्या वास्तूंचे फोटो काढत फिरायचं म्हणतोस. ताईचा फोनवर फोन चालू आहे, भाऊजी बोलेनासे झालेत. तू मला विचारलंस, म्हणून एका माणसाची हकीकत लिहितो. तेही तुझ्याच खात्यातले.

लाला दीनदयाळ 1844 साली मेरठजवळच्या सरधन्यात जन्मले. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकले आणि 1866 मध्ये इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात लागले. काम नकाशे काढायचं, खर्चाचे अंदाज करायचं. 1874 च्या सुमारास कॅमेरा हाती आला, तोही नोकरी सांभाळून. 1882 मध्ये इंग्रज अधिकारी सर लेपेल ग्रिफिन यांनी त्यांना बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर नेलं. पुढं 1886 मध्ये ग्रिफिन यांचं मध्य भारतातल्या वास्तूंवरचं पुस्तक निघालं, त्यातले फोटो दीनदयाळांचे. बरं, या माणसानं आधी लांब रजा काढली, देशभरातल्या स्थळांचे फोटो पुरे करत आणले, नोकरी सुटली ती त्यानंतर. हे ताईला वाचून दाखव.

मग सहाव्या निजामानं, महबूब अली खानांनी, त्यांना दरबारी फोटोग्राफर केलं. आपलं नांदेडही तेव्हा निजामीतच. वेरूळ, दौलताबादही त्यांनी टिपलं. सिकंदराबादेत स्टुडिओ झाला, 1896 मध्ये मुंबईत झाला. निजामानं राजा हा किताब दिला. 1905 मध्ये मुंबईतच वारले.

तुला वाटतं, नकाशे काढण्यात तुझी वर्षं वाया चालली. मला उलट दिसतं. त्यांचा एखादा फोटो नीट बघ. खांब ओळंब्यात, कॅमेरा भिंतीला समांतर, उन्हाची वेळ अशी धरलेली की कोरीवकामाची खोली कळावी. इमारत उभी कशी राहते हे ठाऊक असलेल्या माणसाची ती नजर आहे. शिवाय प्रिंटवर क्रमांक आणि ठिकाणाचं नाव. ही शिस्त कचेरीतली! दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात त्यांच्या 2857 काचेच्या निगेटिव्ह आहेत. नाव-नंबर नसते तर त्या ढिगाचा अभ्यास करणाऱ्याला काय उपयोग?

पण या धंद्याची दुसरी बाजूही ऐक. फ्रान्समध्ये 1851 सालीच सरकारनं पाच फोटोग्राफरांना जुन्या वास्तू टिपायला धाडलं होतं. त्यातले एदुआर बाल्दुस मूळचे चित्रकार. आर्ल गावच्या चर्चची ओवरी एका निगेटिव्हमध्ये मावेना, तर दहा निगेटिव्ह जोडून त्यांनी ती उभी केली. पुढं लूव्र राजवाड्याचं नवं बांधकाम त्यांनी दगडन् दगड टिपलं. एवढं नाव होऊनही 1887 मध्ये त्यांचं दिवाळं निघालं. हे भाऊजींना मुद्दाम सांगू नकोस, पण तू ध्यानात ठेव. इमारतीचे फोटो मागणारं गिऱ्हाईक कमीच. दीनदयाळांचा स्टुडिओदेखील दरबार आणि माणसांच्या तसबिरींवर चालायचा. तूही लग्नाच्या ऑर्डरी घे, त्यात कमीपणा नाही.

तेव्हा राजीनामा देऊ नकोस. दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा टाक, ट्रायपॉड आणि मोजपट्टी घेऊन ये. सहस्रकुंडाच्या धबधब्याचे फोटो सगळेच काढतात. आपण माहूरचा किल्ला आणि पांडवलेणी घेऊ, दरवाजा, बुरूज, खांब अशा क्रमानं. मी वहीत नोंदी करीन. येण्याआधी दीनदयाळांसारखी क्रमांकांची यादी आखून पाठव. ती पाहिल्यावरच भाऊजींशी तुझ्या बाजूनं बोलेन.

तुझा,
मामा