साडेसात बाय बारा

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं सांगणाऱ्या आपल्या पूर्वजांनी स्वयंपाकघराचा वेगळा उल्लेख केलेला नाही. यावरून ही म्हण पुरुषांनी रचली असणार, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही. घर बांधताना पैसा जातो, लग्न करताना स्वातंत्र्य जातं. पण साडेसात फूट रुंद आणि बारा फूट लांब खोलीत ओटा, सिंक, फ्रीज, देव्हारा आणि शिवाय पाच माणसांचं जेवणाचं टेबल बसवू लागलं, की माणसाचा भूमितीवरचाच विश्वास जातो.

आमच्यावर ही वेळ आणली ती कृष्णामाईनं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिनं आयर्विन पुलापाशी ५७ फुटांची पातळी गाठली. धोक्याची पातळी ४५ फूट. वरच्या १२ फुटांतले काही फूट सांगलीच्या गावभागातल्या आमच्या स्वयंपाकघराच्या वाट्याला आले. पाणी उतरलं तेव्हा फ्रीज आडवा झोपला होता, आणि भिंतीवर छातीच्या उंचीला गाळाची रेघ होती. सांगलीकर ही रेघ पुसत नाहीत. तिच्यावरून पुढच्या फळ्यांची उंची ठरवतात.

बायकोचं माहेर साताऱ्याचं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला नदी घरात येते, ही कल्पनाच मुळात असभ्य वाटते. साताऱ्यात पाणी येतं ते कासच्या तलावाचं, तेही नळानं, आणि तोटी फिरवली की थांबतं. त्यामुळे डाळीतांदळाचे डबे माळ्याच्या उंचीवर ठेवायचे, हे आईचं म्हणणं तिला पटेना. “आई, रोज आमटीसाठी शिडी लावायची का?” असं ती विचारी. आई शांतपणे रेघेकडे बोट दाखवी.

मी मात्र शास्त्राच्या बाजूनं होतो. जगात या विषयाचा फार विचार झालेला आहे. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या बाईंनी १९२६ साली जर्मनीत फ्रँकफुर्टमधल्या कामगारांच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. आगगाडीच्या डायनिंग कारमधल्या चिमुकल्या स्वयंपाकघरावरून त्यांना ते सुचलं. एवढ्याशा जागेत शेकडो माणसांचं जेवण होतं, तर चार माणसांचं का होऊ नये? रुंदी १.९ मीटर आणि लांबी ३.४ मीटर, म्हणजे आमच्याहूनही लहान. तशी सुमारे १० हजार स्वयंपाकघरं तिथं झाली. पुढे अमेरिकेत कामाचा त्रिकोण निघाला. शेगडी, सिंक आणि फ्रीज हे त्याचे तीन कोन, आणि तिन्ही बाजूंची बेरीज १३ ते २६ फुटांच्या दरम्यान असावी, असा नियम.

हे सगळं मी घरात वाचून दाखवलं. आईनं विचारलं, “यात विळी कुठं बसते?”

मी पुन्हा पाहिलं. विळी कुठंच नव्हती. विळी, तिच्यापुढं मांडी घालून बसलेलं माणूस, डावीकडे मेथीची जुडी आणि उजवीकडे निवडलेल्या भाजीचं ताट, या चौथ्या कोनाला किमान नऊ चौरस फूट जमीन लागते. साऱ्या पाश्चात्त्य शास्त्रानं ती गिळून टाकली होती.

मापांचंही तेच. मी फुटांत बोलत होतो, बायको भांड्यांत. ‘रुचिरा’मध्ये कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली वाटी-चमच्याचं माप दिलं, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या बायकांनी दुसरी मापं मानणं सोडून दिलेलं आहे. “सिंक केवढं हवं?” या प्रश्नाला “कणकेची परात आडवी विसळता आली पाहिजे” हे उत्तर. ओट्याची उंची शास्त्राप्रमाणे कोपराच्या जरा खाली. पण कोणाच्या कोपराच्या? आई चार फूट दहा इंच, सून पाच फूट चार. शेवटी ओटा सुनेच्या कोपरानं झाला आणि आईला एक लाकडी पाट मिळाला. पूर्वी त्यावर बसायचं, आता उभं राहायचं.

खरी अडचण पाचव्या खुर्चीची. खडूनं फरशीवर आखून पाहिलं. दोन फुटांचा ओटा, समोरच्या भिंतीला टेबल, एका कोपऱ्यात फ्रीज; कसंही फिरवलं तरी खुर्च्या चारच बसत. आणि घरात आम्ही पाच.

“मी मागनं बसत जाईन,” आई म्हणाली. “नाहीतरी मला सवय आहे.”

ते खरंच होतं. पन्नास वर्षांत आईला मी पंगतीत बसलेली पाहिलेली नव्हती. सगळ्यांना गरम पोळी तव्यावरून पानात पडे, आणि तिचं पान शेवटी, भिंतीकडे तोंड करून, उरलेल्या आमटीवर होई. ती तक्रार करत नव्हती. ती जागेचा हिशेब सोडवत होती.

बायकोनं खडू घेतला. फ्रीज खोडला आणि माजघरात काढला. टेबल सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद केलं. समोर तीन, दोन्ही टोकांना एकेक. पाच.

गवंडीमामा बराच वेळ बघत राहिले. “पर वैनी, समदी बसली म्हंजी मागं दीडच फूट ऱ्हातंय. पोळ्या करायला हुबं कोन ऱ्हानार?”

“कुणीच नाही,” बायको म्हणाली.

दीड फुटात माणूस उभं राहू शकतं, पण तव्यावरून ताटाकडे वळू शकत नाही. शास्त्राच्या दृष्टीनं हा दोष आहे. आमच्या घरात तव्यावरची पोळी या दोषामुळे बंद झाली. पोळ्या आधी होतात, डब्यात जातात, आणि मग सगळे एकदम बसतात. विळीसाठी टेबल भिंतीला दुमडतं. डबे रेघेच्या वर गेले. २०२१ च्या जुलैत कृष्णा पुन्हा घरात येऊन गेली, तेव्हा डाळतांदूळ कोरडे राहिले. साताऱ्यानं सांगलीचं एवढं ऐकलं.

आई पहिले काही दिवस पाहुण्यासारखी अंग चोरून बसायची, निम्म्या जेवणात उठू पाहायची. पण उठायला जागाच नसल्यामुळे पुन्हा बसायची. मग एके रात्री तिनं भाताचा घास घेतला, क्षणभर थांबली, आणि पन्नास वर्षं नुसतं ऐकलेलं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा स्वतः म्हणाली:

“आमटीला मीठ कमी आहे गं.”