पहिली ओळ

दुसऱ्यास मदत करण्यांत मोठें सुख असतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या सुखाचा वांटा नेमका कोणाच्या पदरांत पडतो, याचा विचार करण्याचा प्रसंग आमच्यावर गेल्या पावसाळ्यांत आला.

आमची कन्या पदवीच्या दुसऱ्या वर्षांत पदार्थविज्ञान शिकते, आणि तेंच शास्त्र आम्ही गेलीं तीस वर्षें महाविद्यालयांत शिकवीत आहों. घरांतच गंगा वाहत असतां तिनें घागर घेऊन दुसरीकडे कां जावें? एके रात्रीं ती वही घेऊन आमच्यापुढें उभी राहिली. स्प्रिंगला टांगलेलें वजन द्रवांत बुडवून, खालीं ओढून सोडलें. त्याची गति काढा, असें उदाहरण होतें. आम्हीं चष्मा पुसला, लेखणी उचलली आणि अवकल समीकरण मांडून दहा मिनिटांत दोन पानें भरून टाकलीं.

‘पण बाबा, उत्तराच्या पहिल्याच ओळींत हा ‘ई’चा घात कोठून आला?’

‘तो तसा मानावयाचा असतो,’ आम्ही उत्तरलों. ती गप्प बसली आणि सारें उतरवून घेऊं लागली.

पंधरा दिवसांनीं ती उतरलेल्या चेहऱ्यानें घरीं आली. वहींत दहापैकीं दहा गुण होते. परंतु तिच्या अध्यापकांनीं तिला फळ्यापाशीं उभें करून नेमका तोच प्रश्न विचारला होता, आणि तिला उत्तर देतां आलें नव्हतें. तक्रारीचा शब्दहि न काढतां ती एवढेंच म्हणाली, ‘हे गुण तुमचे आहेत, बाबा.’

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. तीस वर्षांत अशीं किती पानें आम्हीं परक्या वह्यांत भरलीं असतील! आपल्या लेखणीचा वेग मिरविण्याच्या हौसेला आम्ही मदत हें गोंडस नांव देत आलों होतों.

दुसऱ्या दिवशीं लेखणी खिशांतच ठेवून आम्ही तिच्याशेजारीं झोंपाळ्यावर बसलों. ‘वजनावर बळें कोणतीं?’

‘स्प्रिंगचें, अंतराच्या प्रमाणांत, द्रवाचें, वेगाच्या प्रमाणांत.’

‘म्हणजे अंतर, त्याच्या बदलाचा वेग, आणि त्या वेगाचाहि बदल, आपापल्या गुणकांसह या तिघांची बेरीज सदैव शून्य राहिली पाहिजे. तीं एकमेकांस केव्हां खोडूं शकतील?’

बराच वेळ झोंपाळ्याच्या कड्याच काय त्या बोलत होत्या. मग ती एकदम म्हणाली, ‘तिघांचें रूप एकच असेल तर! बदल काढला तरी ज्याचें रूप पालटत नाहीं, असें कांहीं तरी हवें. बाबा, ‘ई’चा घात!’

पुढचें गणित तिनेंच केलें. दोनदां चिन्ह चुकलें. त्या वेळीं जीभ आवरणें आम्हांस कोणत्याहि समीकरणाहून अवघड गेलें. शेवटीं वर्गसमीकरण हातीं आलें आणि त्याचा अर्थहि तिलाच दिसला. विरोध थोडा असेल तर वजन हेलकावे खात खात थांबेल. फार असेल तर काकवींत बुडाल्यासारखें, एकहि हेलकावा न खातां, सावकाश जागेवर येईल. आणि दोहोंच्या सीमेवर तें हेलकाव्यावांचून सर्वांत लवकर परतेल. दहा मिनिटांच्या कामास दीड तास लागला.

मदत मागण्यांत कमीपणा नाहीं. गुरुत्वाकर्षणाच्या नव्या उपपत्तीसाठीं गणित हवें म्हणून १९१२ सालीं खुद्द आइन्स्टाइन झूरिच येथें आपला जुना सहाध्यायी मार्सेल ग्रोसमान याच्याकडे गेला. ग्रोसमाननें त्यास रीमानच्या भूमितीची वाट दाखविली. १९१३ सालीं दोघांच्या नांवांनीं निबंधहि निघाला. परंतु १९१५ सालच्या अंतिम समीकरणांपर्यंत आइन्स्टाइनला स्वतःच्या पायांनींच जावें लागलें.

आज खिशांतला दूरध्वनिसुद्धां क्षणार्धांत दोन पानें भरून देतो. त्या वेगाशीं आमची स्पर्धा नाहीं. पण त्या पहिल्या रात्रीं आमची कन्या गप्प बसली होती, आणि तें शेजारीं असून आम्हांस दिसलें नव्हतें, ही गोष्ट मात्र मनांतून जात नाहीं.

परवां ती पुन्हां वही घेऊन आली. ‘बाबा, येथपर्यंत मी आलें आहें, पुढें अडलें.’ वहींत सात ओळी होत्या, साऱ्या तिच्या हातच्या. आम्हीं लेखणी शोधली नाहीं. झोंपाळ्यावर तिच्यासाठीं जागा मात्र केली.