पाइप वाचवायचा की माणूस?

मंडळी, जालन्यात थंडी पडली की गॅस गिझरची चौकशी सुरू होते. आमच्या लहानपणी तांब्याचा बंब अंगणात पेटायचा. धूर डोळ्यांत जायचा, पण मोकळ्यावर विरून जायचा.

सिलिंडरमधल्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. म्हणून सिलिंडर उभा आणि हवेशीर जागी ठेवावा. नळी आयएसआय खुणेची घ्यावी, 5 वर्षांनी बदलावी. सांध्यांना साबणाचा फेस लावून बघावं. बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून बघणं म्हणजे आत्मघात.

पण जळताना होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. रक्तात तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून घट्ट चिकटतो. बंद न्हाणीघरात माणूस हाक मारायच्या आधीच कोसळतो.

आमचा फिटर म्हणाला, "सर, आतच बसवू, पाइप वाचेल." म्हटलं, "बाबा रे, पाइप राहू दे, माणसं वाचव." गिझर बाहेरच्या उघड्या भिंतीवर बसला, आत येतं ते फक्त गरम पाणी. नातू आता खुशाल कडी लावून आंघोळ करतो.

गॅसचा वास आलाच तर विजेच्या बटणाला हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर जाऊन 1906 वर फोन करा.

असो. तुमचा गिझर कुठे आहे, ते आजच बघा.