अंबाडीचं दुसरं पासबुक

माणसाच्या चारित्र्यावर संशय यायला फार मोठं कारण लागतं असं नाही. माझ्या बाबतीत पाच बोटांचं एक पान पुरलं.

आमच्या जांभूळला औद्योगिक विकास महामंडळाचं जलशुद्धीकरण केंद्र आहे. अशा शुद्ध पाण्याच्या गावात नाव गढूळ झालं ते माझ्या एकट्याचं, आणि तेही स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कुंडीपायी.

कुंडीत अंबाडी होती. आई दर पावसाळ्यात परसात ती पेरायची आणि बी राखेत घोळवून डब्यात ठेवायची. आई जाऊन दोन वर्षं झाली. डब्याची आठवण मला यंदा जूनमध्ये झाली. बी किडलं होतं. मूठभर पेरलं, उगवलं एक. परसात कोंबड्या, म्हणून त्या रोपाला घरात घेतलं आणि मुदत ठेवीसारखं सांभाळलं.

ऑगस्टातल्या एका संध्याकाळी बँकेतून आलो, तर ताटात चार घास अंबाडी. कण्या घातलेली, वर लसणाची फोडणी. दोन घास झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. खिडकीत जाऊन पाहिलं, तर कुंडीत वीतभर खुंट!

"अहो, भाजीच आहे ती," सौभाग्यवती म्हणाल्या. "देव्हाऱ्यात ठेवायची होती का?"

मुद्दल मोडलं होतं. उरलेले दोन घास मात्र मी खाल्ले. चव थेट आईच्या हातची होती. त्यामुळे हा गुन्हा संयुक्त खात्यावर जमा झाला.

पण अंबाडी आमच्याहून शहाणी. पंधरा दिवसांत खुंटाच्या पेरापेरांतून कोंब फुटले, महिन्याभरात ते वीतभर झाले. आता मात्र सगळी शिल्लक एका कुंडीत ठेवायची नाही, असं मी ठरवलं. शिवाय दिवस लहान होऊ लागले की अंबाडी फुलावर येते. कळी धरलेली फांदी मुळं धरायला कुरकुरते. म्हणून एका रात्री दाढीचं नवं पातं घेऊन बसलो. पेराच्या जरा खाली तिरपा छेद, खालची पानं काढायची, वरची दोन ठेवायची, ओल्या वाळूमातीत खोचून वर प्लॅस्टिकची पिशवी. अशा सहा फांद्या लावल्या.

हे सारं समोरच्या खिडकीतून नाना बघत होते. नाना निवृत्त हवालदार. सकाळी दारात हजर.

"भाऊ, पस्तीस वर्षं खाकी घातली मी. 1985 चा कायदा माहीत आहे ना? परवान्याशिवाय नुसतं झाड लावलं तरी गुन्हा! बँकेतली नोकरी आहे, पोरंबाळं आहेत..."

माझ्या डोळ्यांपुढे आधी साहेब आले, मग पेन्शन आलं. घाईघाईने एक पान तोडून नानांच्या हातावर ठेवलं. "चावून बघा."

नानांनी पंचनाम्याच्या गांभीर्याने ते चावलं. एक डोळा मिटला, मग दुसरा. "आयला, अंबाडी!"

नानांची तरी काय चूक? 1759 साली लिनियससारख्या शास्त्रज्ञालाही या पानावरून भांगेचंच झाड आठवलं, आणि त्याने अंबाडीचं नाव ठेवलं हिबिस्कस कॅनाबिनस. बिचारीच्या जन्मदाखल्यातच संशय नोंदवलेला!

सहापैकी तीन फांद्या जगल्या. बी पेरलं की नवं खातं उघडतं. फांदी लावली की जुन्याच खात्याचं दुसरं पासबुक मिळतं. नवं रोप हे जुन्याचं मूल नव्हे, जुनंच ते. आईच्या बियाचं हेच एक झाड उरलं होतं. आता तेच चार कुंड्यांत उभं आहे. त्यांतली एक नानांच्या खिडकीत, पोलीस बंदोबस्तात. बी धरलं की डबा पुन्हा भरायचा आहे. राख मी आताच चाळून ठेवली आहे.

काल सौभाग्यवतींनी कुंड्यांकडे बघत विचारलं, "भाजी कधी करायची?"

म्हटलं, "संयुक्त खातं आहे. आता सह्या दोघांच्या लागतील."