बाबांचं मशीन आणि माळव्याची थंडी

गेल्या चार वर्षांत माझ्या बाबांनी नाकारलेल्या निमंत्रणांची यादी बरीच लांब आहे. ग्वाल्हेरच्या आत्याकडचं लग्न, मित्रांबरोबर दोन रात्रींचं ओंकारेश्वर, देवासच्या मामांच्या शेतावरचा मुक्काम. दर वेळी कारण वेगळं असायचं. कधी गुडघा, कधी थंडी, कधी गर्दी. खरं कारण एकच होतं आणि ते त्यांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर असतं.

बाबांना स्लीप ॲप्निया आहे. झोपेत घशाचा भाग सैल पडून मिटतो, श्वास थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो. रात्रीत हे पुन्हा पुन्हा घडतं. सीपॅप मशीन मास्कमधून हवेचा हलका दाब देऊन ती वाट उघडी ठेवतं. मशीन आल्यापासून बाबांची झोप सुधारली, रक्तदाब आटोक्यात आला. पण एक नवी भीती घरात आली: "आणि तिथे लाईट गेली तर?"

याच माणसाने पाटबंधारे खात्याच्या सर्वेक्षणात नर्मदेच्या खोऱ्यात महिनेच्या महिने तंबूत काढले आहेत. माझं लहानपण पेट्रोमॅक्सच्या, साप-विंचवांच्या आणि पहाटेच्या गारठ्याच्या गोष्टी ऐकण्यात गेलं. तोच माणूस आता इंदुरातल्या आपल्या खोलीबाहेर एक रात्रही झोपायला तयार नव्हता.

म्हणून मागच्या डिसेंबरात मी ठरवलं की बाबांना तंबूत न्यायचं. महूच्या पुढे, जानापावच्या डोंगराच्या बाजूला माझ्या कॉलेजच्या मित्राचं शेत आहे. तिथे वीजजोडणी नाही, विहिरीवरचा पंप डिझेलवर चालतो. गाडी मात्र थेट बांधापर्यंत जाते. दोन रात्री, तीन दिवस. मी, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि आई-बाबा.

बाबा म्हणाले, "सोलरवर मशीन चालेल म्हणतोस, पण रात्री सूर्य कुठून आणशील?"

प्रश्न रास्त होता. उत्तर बॅटरीत होतं, आणि बॅटरीचं उत्तर हिशेबात.

वीज मोजताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. वॅट म्हणजे नळाची धार आणि वॅट-तास म्हणजे हंड्यातलं पाणी. माझ्याकडचं पोर्टेबल पॉवर स्टेशन ५०० वॅट-तासांचं आहे, वजन सहा-सात किलो. घरच्या इन्व्हर्टरची १५० ॲम्पिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते, पण तिचं वजन पन्नास किलोच्या वर आणि आत ॲसिड. ती गाडीत घालून नेण्याची वस्तू नव्हे.

मशीनला एका रात्रीत किती लागतं, हे मी घरीच मीटर लावून मोजलं. हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर आणि गरम होणारी नळी सुरू असताना आठ तासांत ४०० वॅट-तासांच्या वर आकडा गेला. दोन्ही बंद केल्यावर तोच आकडा १२० च्या आसपास आला. हवेचा पंखा फारसं खात नाही, खातं ते पाणी आणि नळी तापवणं. डॉक्टरांना विचारलं. दोन रात्री ह्युमिडिफायरशिवाय चालेल, झोपण्याआधी नाकात सलाइनचे थेंब घाला, असं ते म्हणाले. हे आमच्या बाबांपुरतं झालं. तुमच्या घरी असं मशीन असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका.

दुसरी बचत लक्षात यायला थोडी अवघड आहे. पॉवर स्टेशनमधून २३० व्होल्टचा प्लग वापरला की आतला इन्व्हर्टर जागा राहतो आणि नुसता जागा राहण्यासाठीच दहा-एक वॅट खातो. दहा तासांत १०० वॅट-तास, म्हणजे जवळजवळ मशीनइतकेच. म्हणून मशीनच्या कंपनीचाच डीसी अडॅप्टर घेतला आणि इन्व्हर्टर बंद ठेवला. दोन एलईडी दिवे, तीन फोन आणि मशीन मिळून एका रात्रीचा खर्च २४० वॅट-तासांच्या आत बसला. म्हणजे भरलेली बॅटरी सूर्य न दिसताही दोन रात्री कशीबशी निभावणार होती. माळव्यात हिवाळ्यात कधी मावठा येतो, दोन दिवस आभाळ भरून राहतं. तेव्हा पॅनेलवर विसंबून पहिल्या रात्रीचा बेत करायचा नाही, हा माझा नियम. तिसरा आधार म्हणून गाडीचं १२ व्होल्टचं सॉकेट होतंच.

सॉफ्टवेअरवाला असल्याने टेस्टिंगशिवाय काही बाहेर जाऊ द्यायचं नाही, ही सवय. घरी दोन रात्री मशीन पॉवर स्टेशनवर चालवलं. पहिल्या रात्री बाबा दर तासाला उठून आकडा बघत होते. दुसऱ्या रात्री दोनदाच उठले.

आता पॅनेल. माझं घडीचं पॅनेल १०० वॅटचं आहे, पण १०० हा प्रयोगशाळेतला आकडा. इंदूर साधारण २२.७ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४४ अंशांच्या आसपासच चढतो. पॅनेल जमिनीवर आडवं टाकलं तर दुपारच्या उन्हाचा तीस टक्के भाग वाया जातो. दक्षिणेकडे तोंड करून ४५ अंशांवर उभं केलं तर ऊन सरळ अंगावर येतं. मुलीने हे काम आपल्याकडे घेतलं. पॅनेलच्या कडेला काडी धरायची आणि तिची सावली सर्वांत लहान पडेपर्यंत पॅनेल हलवायचं. बाभळीच्या एका फांदीची सावली पडली तरी आकडा धाडकन खाली येतो, हेही तिनेच शोधलं. थंडीचा पॅनेलला त्रास नाही, उलट थोडा फायदाच होतो. तापलेलं पॅनेल कमी वीज देतं. सकाळी साडेनऊपासून दुपारी दीडपर्यंत आम्हाला ६५ ते ७० वॅट मिळत होते. पूर्ण दिवसाचे ३५० वॅट-तास धरायला हरकत नाही.

इथवर विजेचा हिशेब जमला. पण थंडी उरलीच होती. आमच्या 'शब-ए-माळवा'ची ख्याती उन्हाळ्यातल्या गार रात्रींसाठी. डिसेंबरात ती रात्र वेगळीच असते. ज्या निरभ्र आकाशामुळे दिवसा पॅनेल भरभरून देतं, त्याच आकाशात रात्री जमिनीची ऊब निघून जाते. ढगांचं पांघरूण नसतं. उघड्या शेतात पहाटे पाच-सहा अंश ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नाही.

बायकोने विचारलं, "एवढी बॅटरी आहे तर छोटा हीटर नाही का चालणार?"

१,००० वॅटचा हीटर ५०० वॅट-तासांची बॅटरी अर्ध्या तासाच्या आत संपवतो. एका माणसाचं इलेक्ट्रिक ब्लँकेट ५०-६० वॅटचं असलं तरी आठ तासांत तीच गत. विजेने ऊब तयार करणं हा सर्वांत महाग व्यवहार आहे. मशीनचा आकडा ४०० वरून १२० वर आला तोही याच कारणाने.

मग ऊब येते कुठून? आपल्याच अंगातून. दिवसाला २,००० कॅलरी खाणारा माणूस सरासरी जवळपास १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो, झोपेत ७०-८०. म्हणजे प्रत्येक जण आपला छोटा हीटर बरोबर घेऊनच फिरतो. काम एवढंच की ती ऊब निसटू द्यायची नाही. मी हे समजावत होतो, तेवढ्यात बाबा म्हणाले, "हे आम्हाला माहीत होतं, फक्त वॅट माहीत नव्हते." आणि तिथून पुढे तंबूची सूत्रं त्यांनी हातात घेतली.

त्यांनी पहिल्यांदा शेजारच्या शेतकऱ्याकडून गव्हाच्या काडाचे चार भारे मागवले. "थंडी खालून येते. वर चार रजया घेतल्या आणि खाली सतरंजी असली तर काही उपयोग नाही." खरं आहे. अंगाखाली दबलेल्या कापसात किंवा स्लीपिंग बॅगमध्ये हवा उरत नाही, आणि ऊब धरून ठेवते ती हवाच. मी फुगवायची गादी आणली होती. तिच्या आतली हवा इकडून तिकडे फिरते आणि जमिनीचा गारठा वर आणते. बाबांनी खाली काड, त्यावर ताडपत्री, त्यावर फोमची चटई असा थर लावला. गादी मुलीला उड्या मारायला दिली.

बाकीचे नियमही त्यांचेच. झोपताना दिवसभराचे कपडे बदलायचे, कारण घामाने किंचित ओले मोजेसुद्धा रात्रभर ऊब चोरतात. कानटोपी हवीच. तोंड पांघरुणाच्या आत घ्यायचं नाही, श्वासाच्या वाफेने रजई दमट होते. तंबूची वरची खिडकी बोटभर उघडी ठेवायची. बंद तंबूत सकाळी कापडावरून पाणी टपकतं. झोपण्याआधी तूप-गुळाची पोळी किंवा डिंकाचा लाडू खायचा, म्हणजे अंगातल्या हीटरला जळण मिळतं. स्लीपिंग बॅगच्या पट्टीवर दोन तापमानं लिहिलेली असतात, 'कम्फर्ट' आणि 'लिमिट'. घरातल्या मोठ्यांसाठी पहिलाच आकडा बघायचा, ही त्यात माझी भर. वय वाढलं की अंगाची ऊब टिकत नाही, आणि आपण गारठतोय हे लवकर कळतही नाही.

आईचा वाटा गरम पाण्याचा. चुलीवर पाणी तापवून तिने दोन घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटल्या भरल्या, मोज्यांत घातल्या आणि पायांशी ठेवल्या. मी हिशेब केला: ९० अंशांचं एक लिटर पाणी ३५ अंशांपर्यंत निवताना ६४ वॅट-तास उष्णता देतं. दोन बाटल्यांत मशीनच्या अख्ख्या रात्रीपेक्षा थोडी जास्तच. आईला आकडा सांगितला तर म्हणाली, "आणि सकाळी त्याच पाण्याने तोंड धुता येतं, ते धर की हिशेबात."

एका बाबतीत बाबा कुणाचंच ऐकत नाहीत. तंबूत शेगडी नाही. निखारे विझत आलेत असं वाटलं तरी नाही, गॅसचा छोटा स्टोव्हही नाही. त्यांच्या नोकरीच्या काळात छावणीतला एक चौकीदार आणि त्याचा मुलगा पाल बंद करून, कोळशाची शेगडी आत घेऊन झोपले होते. सकाळी हाका मारल्या तर ओ नाही. दोघांना ओढून बाहेर काढलं आणि नशिबाने वाचले. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. झोपेतल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. शेकोटी बाहेर करायची, मनसोक्त शेकायची आणि ती बाहेरच ठेवून आत यायचं.

पहिल्या रात्री गोवऱ्यांवर भाजलेले बाफले, डाळ आणि भरपूर तूप झालं. साडेनऊला बाबांनी मास्क लावला. मशीनची नळी आईने रजईच्या आतून घेतली. त्याने आत येणारी हवा जरा कोमट राहते आणि नळीत दव धरत नाही. हलका घूं-घूं आवाज सुरू झाला. मी शेजारच्या तंबूत बराच वेळ तो ऐकत पडलो होतो. आवाज थांबला तर उठायचं, असं ठरवलं होतं. तो थांबला नाही आणि मला कधी झोप लागली ते कळलं नाही.

पहाटे तंबूबाहेर टांगलेल्या थर्मामीटरवर ६ अंश होते. बॅटरीवर ५४ टक्के. बाबा माझ्या आधी उठून चुलीपाशी बसले होते.

"रात्री कितीदा उठलात आकडा बघायला?" मी विचारलं.

"एकदा. तेही आकडा बघायला नव्हे," ते म्हणाले. "बाहेर आलो तर आभाळ बघत बसलो थोडा वेळ. मृग नक्षत्र डोंगरामागे उतरत होतं. बऱ्याच वर्षांनी पाहिलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत बॅटरी पुन्हा शंभरावर आली आणि दुसरी रात्र पहिलीपेक्षा सोपी गेली.

हे सगळं सविस्तर लिहिण्याचं कारण वेगळं आहे. संक्रांतीच्या कार्यक्रमात बाबांनी ही हकीकत चार जणांना सांगितली. चहाच्या वेळी तीन काकांनी मला एकेकटं गाठून हळूच विचारलं, "ते बॅटरीचं काय म्हणत होते तुझे बाबा?" तिघांकडेही तसंच मशीन आहे. तिघांनीही मुक्कामाला जाणं बंद केलं आहे आणि तिघांनीही घरी कारण गुडघ्याचंच दिलं आहे. आपल्या घरातलं कुणी ज्येष्ठ हल्ली कुठे यायला नकार देत असेल, तर एकदा रात्रीच्या सोयीबद्दल विचारून बघा. औषध फ्रिजमध्ये ठेवावं लागत असेल, नेब्युलायझर असेल, मशीन असेल. त्या उपकरणाला रात्रीत किती वॅट-तास लागतात हे मोजायला दोनच संध्याकाळ लागतात.

बाबा आता अमरकंटकला जायचं म्हणताहेत. नर्मदेचं खोरं पायाखाली घातलं, पण उगमाशी मुक्काम राहून गेला, असं त्यांचं म्हणणं आहे. सामानाची यादी त्यांनी स्वतःच्या हाताने केली आहे आणि शेवटी दोन रकाने माझ्यासाठी कोरे सोडले आहेत: एक रात्रीच्या तापमानाचा, दुसरा पॅनेलवर झाडाची सावली पडणार नाही अशा जागेचा.