धीर

मराठीत धैर्य आणि धीर असे दोन शब्द आहेत. रोजच्या संसारात आपल्या उपयोगी पडतो तो दुसरा. धैर्य दाखवावे लागते. धीर द्यावा आणि घ्यावा लागतो. तो सुटतो, खचतो, आणि कोणी पाठीवर हात ठेवला की पुन्हा येतो. आम्ही कोल्हापूरकर तसे शौर्याच्या कथांवर वाढलेली माणसे. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात शिवरायांचे सोंग घेऊन मृत्यूला सामोरा गेलेला शिवा काशीद उचगावातल्या आमच्या ख्रिस्ती मुलांनाही आपलाच वाटतो, आणि ते योग्यच आहे. परंतु गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत रात्रपाळीला जाणाऱ्या बापाला, किंवा आजारी लेकराच्या उशाशी बसलेल्या आईला तलवारीचा काय उपयोग?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडली आणि ती ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. तावडे हॉटेलच्या चौकापासून मालमोटारी जागच्या जागी उभ्या राहिल्या. आमची वस्ती उंचावर. घरात पाणी शिरण्याची भीती नव्हती. आमची भीती वेगळीच होती. नदीकाठची उपसा केंद्रे बुडाल्याने शहराचा पाणीपुरवठा बंद पडला होता, आणि आमच्यातील एका आजींना आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागत असे. एका वेळच्या डायलिसिसला शंभर लिटरहून अधिक शुद्ध पाणी खर्च होते, हे आम्हाला तेव्हा प्रथम कळले. चहूकडे पूर, आणि आजींच्या जिवासाठी पाणी नाही! टँकर मिळाल्यावर कळवू, असा केंद्राचा निरोप आला. आजींचे पाय सुजू लागले होते, श्वास जड झाला होता.

शुक्रवारी, ९ तारखेला, संध्याकाळी आम्ही चारपाच कुटुंबे त्यांच्या घरी जपमाळेला जमलो. शुक्रवार म्हणून दुःखाची रहस्ये. पहिलेच रहस्य गेथशेमाने बागेतल्या प्रभूच्या यातनांचे. ते म्हणून झाल्यावर आजींनी हात वर करून आम्हाला थांबवले आणि म्हणाल्या, “त्यालासुद्धा एकटं राहवलं नाही रे.”

आजवर कितीतरी उपवासकाळांत आम्ही हा प्रसंग ऐकला आहे; त्यावरची प्रवचनेही ऐकली आहेत. त्यांतल्या बहुतेकांत झोपी गेलेल्या शिष्यांचीच झाडाझडती असते. आजींचे लक्ष मात्र दुसरीकडे होते. प्रभू येशू तिघांना जवळ बोलावतो, आपला जीव किती व्याकुळ झाला आहे हे त्यांच्यापाशी उघड करतो आणि जागे राहण्याची विनवणी करतो. लूकच्या शुभवर्तमानात तर स्वर्गातून देवदूत येऊन त्याला बळ देतो. देवाच्या पुत्रानेही धीर दुसऱ्याकडून घेतला! मग तो मागण्यात आपण कशाला लाजावे?

जपमाळ संपते न संपते तोच शेजारचे शेतकरी काका दारात आले. चपला बाहेर काढून, डोक्यावरची टोपी हातात घेऊन ते म्हणाले, “आज्जी, भिऊ नगासा. आमच्या बोअरला पाणी हाय, टँकरबी ठरीवलाय.” भिऊ नये, हे सांगणे आपण नाताळात देवदूताच्या तोंडून ऐकतो, पुनरुत्थानाच्या सणालाही ऐकतो, आणि ते नेहमी शुद्ध मराठीत असते. त्या रात्री ते अस्सल कोल्हापुरीत ऐकले. शनिवारी सकाळी टँकर केंद्राकडे गेला. आजींसह आणखी कितीजणांना त्या पाण्याचा लाभ झाला, ते आम्ही विचारले नाही.

येथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार उधळला गेला. त्या कठीण वर्षांत त्यांना सांभाळले ते त्यांच्या हिंदू नातलगांनी, विशेषतः बहिणीने. पतीकडे परतल्यावरही काही काळ त्यांनी सोवळे सोडले नव्हते. पुढे १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना त्यांच्या विनोदाला हसू येते. पण तो विनोद किती जणांच्या आधारावर उभा होता, तेही ध्यानात घ्यावे. ख्रिस्ताकडे नेणाऱ्या वाटेवर त्यांना धीर देणारे सगळे ख्रिस्ती नव्हते.

त्या वर्षी १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, आजी मिस्साला आल्या. दोघींच्या खांद्यांवर भार टाकून आल्या, आणि ख्रिस्तप्रसाद घेताना हट्टाने उभ्या राहिल्या. पुढील वर्षी त्या प्रभूकडे गेल्या. अंत्यविधीला काका शेवटच्या बाकाजवळ टोपी हातात घेऊन उभे होते.

जुलै २०२१ मध्ये पंचगंगा ५६ फुटांच्याही वर गेली. पाणी चढू लागले त्याच दिवशी काकांचा फोन आला. गावात डायलिसिसचे रुग्ण किती, कोणत्या आळीत कोण, याची यादी त्यांना हवी होती. आमच्यातली दोन मुले वही घेऊन, पावसात, घरोघर निघाली.