घर राखणारी मुलगी

चित्रांतल्या मुलांशी माझे पूर्वी फारसे जमत नसे. कॅलेंडरावरचा गुबगुबीत बाळकृष्ण घ्या, नाहीतर क्रमिक पुस्तकातली हसरी मुले घ्या. ती कुणाची वाट पाहत आहेत असे कधी वाटायचेच नाही. आणि मुलांचे निम्मे आयुष्य तर वाट पाहण्यातच जाते! पस्तीस वर्षे मास्तरकी केल्यावर एवढे तरी मी खात्रीने सांगू शकते.

म्हणून 'तोत्तोचान' हाती आले तेव्हा मजकुराआधी मी चित्रांपाशीच अडकले. पाण्यात विरघळून कडा सुटलेले रंग, दोन ठिपक्यांएवढे काळे डोळे, आणि भोवती कागद तसाच कोरा. लेखिकेने चित्रकर्तीला शेजारी बसवूनच ही चित्रे काढून घेतली असावीत अशी माझी समजूत झाली. पुढे कळले की तेत्सुको कुरोयानागींचे पुस्तक १९८१ चे, आणि ही चित्रे काढणारी चिहिरो इवासाकी १९७४ सालीच कर्करोगाने गेलेली. तिने मागे ठेवलेल्या हजारो चित्रांतून लेखिकेने आपल्या गोष्टीची मुले वेचून घेतली होती.

मग मला या बाईचा ध्यासच लागला. पुण्यात जपानी शिकणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. मिळेल ते ती वाचून सांगू लागली.

चिहिरोचा जन्म १९१८ चा, ताकेफू गावातला. वाढली तोकियोत. वडील लष्कराच्या बांधकाम खात्यात, आई मुलींच्या शाळेत शिक्षिका. चित्रकलेची ओढ, पण घरच्यांनी १९३९ साली लग्न लावून मांचुरियात पाठवले. मन त्या संसारात रमले नाही, आणि १९४१ साली नवऱ्याने आत्महत्या केली. त्या घटनेचे ओझे तिने कुठे ठेवले असेल, कुणास ठाऊक. १९४५ च्या मे महिन्यात बाँबहल्ल्यात तोकियोतले घर जळाले आणि सारे कुटुंब नागानो प्रांतात आश्रयाला गेले. आपल्या आईवडिलांनीही त्या युद्धाला हातभार लावला होता, आपण सुखात होतो तेव्हा दुसऱ्यांचे काय होत होते, हे तिला युद्ध संपल्यावर उमगले. १९४६ साली ती एकटीच तोकियोला परतली, कम्युनिस्टांबरोबर काम करू लागली, वर्तमानपत्रात नोकरी केली, आणि हिरोशिमाची चित्रे रंगवणाऱ्या मारुकी दांपत्यापाशी शिकू लागली.

जपानात पूर्वी रस्त्यावर चित्रांचे पुठ्ठे एकामागून एक सरकवीत गोष्ट सांगत. आमच्या पिंगुळीच्या चित्रकथीची ती लांबची बहीणच. अँडरसनच्या 'एका आईची गोष्ट' या कथेची तसली चित्रे चिहिरोने काढली, आणि १९५० साली तिला त्यासाठी सरकारी पारितोषिक मिळाले. मृत्यूने नेलेल्या मुलाच्या मागे धावणाऱ्या आईची ती कथा. त्याच वर्षी तिने दुसरे लग्न केले. पुढल्या वर्षी मुलगा झाला. नवरा वकिलीचा अभ्यास करीत होता, चूल तिच्या कुंचल्यावर पेटायची, राहायला धड जागा नव्हती. तेव्हा तान्ह्या मुलाला तिने नागानोत शेती करणाऱ्या आपल्या आईवडिलांकडे ठेवले. आगगाडीने भेटायला जायची आणि जाईल तेव्हा त्याची रेखाटने करायची. १९५२ साली तोकियोच्या कडेला स्वतःचे घर झाले आणि मूल परत कुशीत आले.

इथे माझी विद्यार्थिनी वाचता वाचता थांबली. म्हणाली, "बाई, बरं नाही का वाटत?"

मला बरे वाटत होते. फक्त कुडाळचे घर आठवले होते. माझा मुलगा पाच महिन्यांचा असताना त्याला आईच्या ओटीत टाकून मी कोल्हापूरला बी.एड्.ला गेले होते. नोकरी टिकवायची तर पदवी हवी होती, आणि नोकरीवाचून आमचे भागण्यासारखे नव्हते. सुट्टी मिळाली की फोंडा घाट उतरून एस.टी.ने यायची. दिवाळीत आले तेव्हा तो माझ्याकडे बघून आजीच्या पदराआड गेला. आई म्हणाली, "रागावलोहा तो. येतलो." दोन दिवसांनी तो आला. तिसऱ्या दिवशी मला परत जायचे होते.

चिहिरोबद्दल सगळे सांगतात की दहा महिन्यांचे मूल आणि वर्षाचे मूल यांतला फरक ती समोर कुणी नसतानाही नेमका काढू शके. लोक याला तिच्या हाताची किमया मानतात. मला तसे वाटत नाही. जे महिने पुरते वाट्याला आले नाहीत, तेच माणूस इतके बारकाईने पाठ करते.

आणखी एका गोष्टीसाठी मी तिला मानते. छापून झाली की मूळ चित्रे प्रकाशकाकडेच राहायची, हरवायचीही. ती परत मिळालीच पाहिजेत, चित्रांवर हक्क चित्रकाराचा, यासाठी ती हटून बसली. म्हणून आज तिची नऊ हजारांहून अधिक चित्रे शिल्लक आहेत. तिच्या त्याच तोकियोतल्या घरी १९७७ साली संग्रहालय झाले. १९९७ साली दुसरे झाले ते नागानोत, जिथे तिच्या मुलाला आजीआजोबांनी सांभाळले त्याच गावी. तिचे अखेरचे पुस्तक १९७३ चे, व्हिएतनामच्या युद्धात सापडलेल्या मुलांचे. प्रकृती ढासळत असताना केलेले. त्यात रंग जवळजवळ नाहीतच; एका लाल फुलाच्या पाकळ्यांत तेवढे मुलांचे चेहरे आहेत.

पण मी जवळ ठेवले आहे ते तिचे १९६८ चे पुस्तक. विद्यार्थिनीनेच आणून दिले. पावसाच्या दिवशी एक मुलगी एकटीच घर राखते आहे. आई बाहेर गेलेली. फोन वाजतो, तेव्हा ती पडद्यात लपते. शब्द अगदी थोडे. पडदा, पाऊस आणि मुलगी यांच्या कडा एकमेकींत मिसळलेल्या.

गेल्या गणपतीत मुलगा आला होता. त्याचेही केस आता पिकलेत. पुस्तक त्याच्या हाती दिले, कोल्हापूरचे काही बोलले नाही. आम्ही ते कधीच बोललो नाही. पडद्याच्या पानावर तो बराच वेळ थांबला.

"शेवटी आई येते," मी घाईघाईने सांगितले.

"येते गं," तो म्हणाला, "पण तोवर हिला कोण सांगणार?"

बाहेर पाऊस होताच. मी उठून चहा टाकला. तो पुन्हा पहिल्या पानापासून चाळू लागला होता.